सायकलला इंजिन बसवायचंय? आधी हा 25 सीसीचा नियम वाचा

रील साधारण अशी असते. जुनी काळी सायकल, फ्रेमच्या मधल्या तिकोनात बसवलेलं चकचकीत इंजिन आणि वरच्या दांडीवर छोटीशी पेट्रोलची टाकी. पोरगा चार पायडल मारतो, क्लच सोडतो आणि सायकल भर्रर्र आवाज करत पळत सुटते. खाली कॅप्शन असतं, ‘ना लायसन्स, ना आरसी, ना इन्शुरन्स’. आणि कमेंटमध्ये शंभर जणांचा एकच प्रश्न, ‘भाऊ, किट कुठं मिळालं?’

किट मिळतं. ऑनलाइन मिळतं, मोठ्या शहरांत सुट्या पार्ट्सच्या दुकानांतही मिळतं. बसवायला फार मोठा मेकॅनिक लागत नाही, हेही खरं आहे. खोटं आहे ते कॅप्शन. आणि त्या कॅप्शनवर विश्वास ठेवून कुणी गाडी रस्त्यावर काढली आणि एखाद्याला धडक बसली, तर त्याची किंमत बसवणाऱ्याच्या घरच्यांनाही मोजावी लागू शकते.

किटच्या डब्यात काय असतं?

बहुतेक किट चिनी बनावटीची असतात आणि गेली अनेक वर्षं त्यांचा साचा तोच आहे. एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. एक छोटा कार्बुरेटर, दोनेक लिटरची टाकी, सायलेन्सर, स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारा सीडीआय बॉक्स, क्लचचा लिव्हर, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ, वेगळी चेन आणि मागच्या चाकाला लावायची दातेरी चकती. सगळं मिळून वजन दहा किलोच्या आसपास.

डब्यावर बऱ्याचदा ‘80 सीसी’ असं छापलेलं असतं. इथून गडबड सुरू होते. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 47 मिलिमीटर आणि पिस्टनची हालचाल 38 मिलिमीटर असते. शाळेतलं वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावलं की उत्तर येतं 66 सीसी. ‘49 सीसी’ म्हणून विकलं जाणारं धाकटं इंजिन 40 मिलिमीटर व्यासाचं असतं, ते भरतं जेमतेम 48 सीसी. म्हणजे पेटी विकत घेण्याआधीच चौदा सीसी हवेत गेलेले असतात. कायद्याच्या हिशेबात मात्र 66 काय आणि 80 काय, दोन्ही सारखेच. ते कसं, ते पुढे.

वेगाचे दावेही असेच. कुणी 60 म्हणतं, कुणी 70. खरं गणित सोपं आहे. इंजिनाच्या आत 20 आणि 82 दात्यांचे गिअर असतात, म्हणजे 4.1 ला 1. बाहेर 10 दात्यांचं छोटं चक्र आणि मागच्या चाकाला 44 दात्यांची चकती, म्हणजे 4.4 ला 1. दोन्हींचा गुणाकार साधारण 18. चाक एकदा फिरायला इंजिन 18 वेळा फिरावं लागतं. 26 इंची चाकाचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त असतो. इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्या मारत असेल, तर सायकल ताशी 34 किलोमीटरच्या आसपास धावते. मागची चकती बदलून 36 दात्यांची लावली तर तोच आकडा 42 होतो, पण चढाला इंजिन रडायला लागतं. 60चा आकडा गाठायचा तर या छोट्या इंजिनाला त्याच्या कुवतीबाहेर पळवावं लागतं.

ही आयडिया कुणाची?

नवीन तर मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान बेचिराख झालं होतं. ट्रेन खच्चून भरलेल्या, पेट्रोलची टंचाई आणि सामान वाहायला सायकलशिवाय काही नाही. हमामात्सु शहरात सोइचिरो होंडा नावाच्या माणसाच्या हाती 1946 मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटसाठी बनवलेली छोटी जनरेटर इंजिनं लागली. युद्ध संपल्यावर ती भंगारात पडून होती. होंडांनी त्यातलं एक सायकलला जोडलं. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून चक्क शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली होती. चाचणीसाठी त्यांच्या पत्नी साची यांनी ती सायकल गावात फिरवली.

साठ्यातली इंजिनं संपली तेव्हा होंडांनी स्वतःचं इंजिन बनवलं. 1952 मध्ये आलेलं ‘कब एफ’ हे तर आजच्या किटचं आजोबाच म्हणायला हवं. पांढरी टाकी, लाल इंजिन, 50 सीसी, ताकद एक अश्वशक्ती. होंडांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी देशभरातल्या पन्नास हजारांच्या आसपास सायकल दुकानदारांना पत्रं पाठवली आणि हे किट सायकलच्या दुकानांतून विकलं. आज होंडाचं नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. त्या साम्राज्याची सुरुवात सायकलला लावायच्या इंजिनापासून झाली होती.

युरोपातही हेच चाललं होतं. इटलीत बॉम्बहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झालेल्या डुकाटीने 1946 मध्ये ‘कुच्योलो’ नावाचं 48 सीसीचं इंजिन बनवायला घेतलं. नावाचा अर्थ कुत्र्याचं पिल्लू. हो, तीच डुकाटी, जिच्या बाइक आज वीस-पंचवीस लाखांना विकल्या जातात. फ्रान्समध्ये पुढच्या चाकावर रोलर दाबून चालणारी ‘सोलेक्स’ आली. ब्रिटनमध्ये 1950 मध्ये मागच्या चाकाच्या आतच इंजिन बसवलेलं ‘सायकलमास्टर’ आलं, तेही फक्त 25.7 सीसीचं.

पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. इंजिनाची ताकद वाढायला लागली तशी सायकल कमी पडायला लागली. तारा तुटायच्या, फ्रेमला तडे जायचे, ब्रेक लागायचे नाहीत. मग कंपन्यांनी इंजिनाभोवती नवीन गाडीच बांधली. जाड फ्रेम, रुंद टायर, ड्रम ब्रेक, मागे-पुढे दिवा. तिला नाव मिळालं मोपेड, मोटर आणि पेडल यांची जोड. आपल्याकडे 1972 मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली लुना ही त्याच घराण्यातली. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी लुना होती, त्यांना तिचे पायडल आठवत असतील. ते पायडल सायकलचे होते, पण बाकीची गाडी सायकलची नव्हती.

आजचं किट त्या सगळ्या पुढच्या टप्प्याला वळसा घालून पुन्हा साध्या सायकलवर येऊन बसतं. तेही कब एफच्या दुपटीहून जास्त ताकद घेऊन.

बसवतात कसं, आणि बिनसतं कुठे?

इंजिन बसतं सीटखालची नळी आणि पुढून खाली येणारी नळी यांच्यामधल्या ‘व्ही’ आकारात. दोन क्लॅम्प, चार बोल्ट. त्यासाठी दोन्ही नळ्या गोल आणि ठरावीक जाडीच्या लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या सायकलींच्या नळ्या जाड, चपट्या असतात, तिथे क्लॅम्प बसत नाही. मग काही जण नळीला आरपार भोक पाडून बोल्ट घालतात. फ्रेम तुटायची असेल तर नेमकी तिथूनच तुटते.

दुसरी अडचण मागच्या चाकाची. किटमधली दातेरी चकती हबला नाही, थेट तारांना आवळली जाते. आत एक रबर, बाहेर एक रबर, मध्ये तारा आणि नऊ बोल्ट. ही रचना 36 तारांच्या चाकासाठी आहे, म्हणून नऊ बोल्ट. आपल्याकडच्या पारंपरिक काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला 40 तारा असतात. नऊ बोल्ट आणि चाळीस तारा यांचा मेळ बसत नाही. मग कुठे तार वाकवली जाते, कुठे एखादा बोल्ट गाळला जातो. चकती थोडी जरी एका बाजूला कललेली राहिली, तर चेन प्रत्येक फेरीला सैल-घट्ट होत राहते. तारांवर सायकलने कधी कल्पनाही न केलेला ताण येतो, कारण पायडलचा जोर हबमधून येतो आणि इंजिनाचा जोर थेट तारांवर.

सगळ्यात धोकादायक सुटा भाग मात्र दिसायला अगदी किरकोळ असतो. इंजिनाची चेन लांब असते, ती सैल पडू नये म्हणून मागच्या आडव्या नळीवर एक छोटी पुली आवळतात. आवळायला एकच पट्टी. इंजिनाच्या थरथरीने ही पट्टी ढिली होते आणि एक दिवस पुली गोल फिरून थेट तारांमध्ये जाते. मागचं चाक जागच्या जागी जाम. ताशी 30च्या वेगात हे झालं तर सायकल घसरते आणि बसणारा रस्त्यावर पडतो. जाणकार लोक म्हणूनच ही पुली बोल्टने पक्की करतात किंवा चेनची लांबी इतकी अचूक कापतात की पुलीची गरजच उरत नाही. रीलमध्ये हा भाग कधीच दाखवत नाहीत, कारण तो कंटाळवाणा असतो.

थरथर हा या सगळ्याचा कायमचा शत्रू. एक सिलिंडर, मिनिटाला हजारो धक्के. प्रत्येक नट-बोल्टला थ्रेडलॉकर लावायचा आणि पहिले काही दिवस रोज पान्हा फिरवून बघायचं, हे न करणाऱ्याचा सायलेन्सर तरी रस्त्यावर पडतो नाही तर इंजिन तरी हलायला लागतं. चेन जोडायच्या कडीची क्लिप कुठल्या दिशेने लावायची हेही ठरलेलं आहे. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं, नाहीतर क्लिप निसटते. आणि ही दुसरी चेन डाव्या बाजूला असते, तिला कव्हर नसतं. पायजमा, ओढणी, साडीचा पदर, काहीही अडकू शकतं.

इंजिनात वेगळं ऑइल भरायची सोय नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जुन्या लुना, स्कूटरवाल्यांना पेट्रोल पंपावरचं ‘2टी’ आठवत असेल, तेच. नवीन इंजिनाला सुरुवातीला एक लिटर पेट्रोलमागे साधारण 60 मिलिलिटर ऑइल घालतात, इंजिन मोकळं झालं की 30 ते 40. विसरून नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि चालती गाडी थांबते. जास्त घातलं तर प्लग काळा पडतो आणि मागच्या माणसाला खोकला येतो.

थांबवायचं कसं?

सायकलचे ब्रेक माणसाच्या पायांच्या ताकदीचा अंदाज धरून बनवलेले असतात. साधा सायकलस्वार ताशी 15च्या आसपास जातो. 40ने जाणाऱ्या त्याच सायकलला थांबवायला सातपट ऊर्जा जिरवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शिवाय इंजिनाचं वजन वेगळं. काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात, ते क्रोमच्या रिमवर रबर दाबतात. पावसात ती रिम ओली झाली की ब्रेक दाबल्यावर आधी पाणी पुसलं जातं, मग कुठे पकड येते. जुलै महिन्यात कोकणात नाही तर मुंबईत ज्याने अशी सायकल चालवली आहे, त्याला हे सांगायला नको.

त्यात एक गंमत, खरं तर गंमत म्हणू नये अशी. हँडलला मुठी दोनच. उजव्या मुठीला अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या मुठीला क्लच. ब्रेकचे दोन लिव्हर कुठे बसवायचे? एकाच लिव्हरने दोन्ही ब्रेक ओढणारी जोडणी मिळते, पण ती किटमध्ये येत नाही, वेगळी घ्यावी लागते. त्यामुळे पुष्कळ जण एक ब्रेक काढूनच टाकतात. वेग दुप्पट आणि ब्रेक निम्मे, अशी गाडी मग वर्दळीच्या रस्त्यावर येते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(28) मध्ये ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे. त्यात एक सूट आहे. चारपेक्षा कमी चाकं असलेल्या आणि 25 सीसीपेक्षा जास्त क्षमता नसलेल्या इंजिनाच्या गाडीला मोटार वाहन मानलं जात नाही. पूर्वी ही मर्यादा 35 सीसी होती, 1994 च्या दुरुस्तीने ती 25 वर आली.

रीलवाल्यांनी अर्धवट ऐकलेला नियम हाच. ‘छोट्या इंजिनाला लायसन्स लागत नाही’ हे खरं आहे, फक्त ‘छोटं’ म्हणजे 25 सीसीपर्यंत. 48 किंवा 66 सीसीचं किट बसवल्या क्षणी तुमची सायकल कायद्यासाठी मोटारसायकल होते. खेड्यापाड्यात फवारणी पंपाचं इंजिन काढून सायकलला लावायचे जुगाडही चालतात. त्यातलं ‘26 सीसी’ म्हणून मिळणारं इंजिन मोजलं तर 25.4 सीसीच्या आसपास भरतं. म्हणजे तेही थोडक्यात हुकतं. 1950 चं ते ब्रिटिश सायकलमास्टरही आपल्या नियमात बसलं नसतं.

मोटारसायकल म्हटली की नोंदणी, लायसन्स, विमा, हेल्मेट हे सगळं आलं. मग नोंदणी करून घ्यावी म्हटलं तर? आरटीओत त्यासाठी विक्रीचा दाखला लागतो, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, चासी नंबर लागतो. आणि त्याआधी त्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून मंजूर झालेला असावा लागतो. घरी जोडलेल्या सायकलकडे यातलं काहीच नसतं. शिवाय एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 चे प्रदूषण नियम आहेत, आणि धूर सोडणारं, अर्धवट जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर टाकणारं हे साधं टू-स्ट्रोक इंजिन त्या परीक्षेला बसण्याच्याही लायकीचं नाही. थोडक्यात, नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदणी होऊ शकत नाही.

मूळ कायद्यात विनानोंदणी गाडीसाठी पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, विनालायसन्स चालवल्यास 5,000 आणि विम्याशिवाय पहिल्या वेळी 2,000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्यागणिक बदलते.

पण दंड हा खरा धोका नाही. विमा नसलेल्या गाडीने एखाद्याला उडवलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाच्या खिशातून जाते. इतर दुचाकीच्या बाबतीत विमा कंपनी मध्ये उभी असते. इथे कुणीच नसतं. जखमी माणसाच्या बाजूने पाहिलं तर आणखी वाईट, कारण ज्याच्याकडून वसूल करायचं त्याच्याकडे बहुतेकदा काही नसतंच.

रीलमधला पोरगा किती वर्षांचा आहे?

हा प्रश्न कमेंटमध्ये कुणी विचारत नाही. 50 सीसीपर्यंतची मोटारसायकल 16 व्या वर्षी लायसन्स काढून चालवता येते, त्यावरची 18 व्या वर्षी. म्हणजे 66 सीसीची ‘सायकल’ चालवणारा नववी-दहावीतला मुलगा कुठल्याच खान्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. घरात हट्ट धरून बसलेल्या मुलाला किट घेऊन देणाऱ्या बापाला दुकानदार हे सांगत नाही.

स्वतःच्या शेतात चालवली तर? लायसन्सची अट ‘सार्वजनिक ठिकाणा’साठी आहे, त्यामुळे बांधाच्या आत फिरवायला लायसन्सची आडकाठी नाही. मात्र जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कुठलीही वाट सार्वजनिक ठिकाण ठरते. पाणंद रस्ताही त्यात आला. दुधाची कॅन घेऊन डेअरीपर्यंत जायचं म्हटलं की सूट संपली.

मग इलेक्ट्रिक किटचं काय?

इथे नियम जरा मोकळा आहे, पण रीलमध्ये सांगतात तेवढा नाही. मोटरची ताकद 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवरची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. पायडल मारताना मोटरने मदत करायची आणि 25च्या वेगाला आपोआप बंद व्हायचं, अशा सायकलींनाही हीच सवलत आहे. अट एवढीच की हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं हवं. घरी चाकात मोटर बसवली तर तिची ताकद 240 वॉट आहे हे कोण सांगणार? बाजारात 350 आणि 500 वॉटची किट सर्रास मिळतात, काहींत वेगाची मर्यादा काढून टाकायची एक वायरही दिलेली असते. ती वायर तोडली की सवलतही तुटली.

बसवायच्या दृष्टीने मोटरचं किट पेट्रोलपेक्षा सोपं आहे. चाक बदलायचं, कंट्रोलर आणि बॅटरी जोडायची. क्लच नाही, त्यामुळे दोन्ही ब्रेक जागेवर राहतात, आणि ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे लिव्हरही मिळतात. लक्ष द्यायचं ते एक्सलकडे. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सलला मागे फिरवायचा प्रयत्न करते. नट नीट आवळलेला नसेल तर एक्सल खाचेतून फिरून बाहेर येतो आणि वायर पिळून तुटते. त्यासाठी टॉर्क आर्म नावाची एक साधी पोलादी पट्टी मिळते, एक टोक एक्सलला, दुसरं फ्रेमला. पुढच्या चाकात मोटर बसवत असाल आणि चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ती हवीच. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 360 वॉट-अवर मावतात. सपाट रस्त्यावर, अधूनमधून पायडल मारत गेलं तर त्यात 25 ते 35 किलोमीटर होतात, घाट असेल तर पुष्कळ कमी.

तयार इलेक्ट्रिक सायकल घेताना दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागता येते. काही दुकानदार लगेच देतात, काही जण ‘कंपनीकडून मागवतो’ म्हणून टाळतात. मिळाली तर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नाक्यावर हवालदाराने हात केला, तर त्याला दाखवायला तेवढंच असतं.